जेथे ओळख चालत नाही

सरकारी कचेरीतील दिरंगाई आणि समाजात बोकाळलेली वशिलेबाजी या दोहोंविषयी आपल्या पांढरपेशा मराठी गृहस्थाच्या बोलण्यात जितका तिटकारा असतो, तितका तो अन्य कोणत्याही विषयासंबंधी नसतो. आणि म्हणूनच उत्पन्नाच्या दाखल्यापासून नळाच्या जोडणीपर्यंत प्रत्येक कामी ‘तेथे आपले कोणी आहे काय?’ हा प्रश्न प्रथम विचारून मगच अर्जाचा कागद हाती घेणाऱ्या या गृहस्थास, निदान आपल्या अपत्याने तरी या बजबजपुरीतून सुटावे, आणि जेथे नियमांचे राज्य आहे, गुणांची कदर आहे, अशा एखाद्या सुधारलेल्या राष्ट्रात जाऊन उच्च विद्या संपादावी, असे अंतःकरणापासून वाटत असते. ही इच्छा अलीकडे फार मोठ्या प्रमाणावर फलद्रूप होऊ लागली आहे. जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून भारतीयांचा क्रमांक पहिला लागला असून चिनी विद्यार्थी मागे पडले आहेत. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, ही वार्ता कोथरूड, डोंबिवली आणि नाशिकच्या कॉलेज रोडपर्यंत पोहोचल्यावर दुसरे काय होणार होते? बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्रास १५०० युरो घेतात, ही गोष्ट अर्थातच घरोघर पेढे वाटून झाल्यावर उघडकीस येते.

आमच्या एका आतेभावाचे चिरंजीव अशाच रीतीने गतवर्षी जर्मनीस रवाना झाले. शहराचे नाव आम्ही सांगत नाही. तेथील कचेरीस मराठी वाचता येत नसले, तरी परकीय वृत्तपत्रांतील उल्लेखांविषयी तिच्यापाशी एखादा नियम नसेलच असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

प्रस्थानापूर्वीची तयारी ज्या सुरळीतपणे पार पडली तिचे श्रेय सर्वस्वी आतेभावाच्या जनसंग्रहास द्यावे लागेल. पदवीच्या गुणपत्रकांच्या प्रमाणित नकला विद्यापीठातून मिळावयास सामान्य माणसास खेटे घालावे लागतात. त्या परीक्षा विभागातील एका लिपिकाच्या मेहुण्यामार्फत घरपोच आल्या. राहते घर तारण ठेवून कर्ज काढावयाचे होते, तर बँकेच्या शाखाधिकाऱ्यांशी वेताळ टेकडीवरील सकाळच्या फिरण्यातला स्नेह होताच. मूल्यांकन, शोधपत्र, जामीन या साऱ्या गोष्टी एका पंधरवड्यात उरकल्या. पहिली ठेच दिल्लीस लागली. जर्मन वकिलातीच्या छत्राखाली एपीएस नावाचे एक परीक्षण केंद्र असून, १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास, काही थोडे अपवाद वजा जाता, दहावीपासूनचे सर्व दस्तऐवज त्याच्यापुढे ठेवून, १८,००० रुपये भरून, ते खरे असल्याचा दाखला मिळवावा लागतो. आतेभावाने रिवाजाप्रमाणे दिल्लीत माणूस शोधला. एका मंत्रालयात अवर सचिव असलेले व्याह्यांचे बंधू सापडलेही. त्यांनी शब्द टाकण्याचे कबूल केले. परंतु शब्द टाकावयाचा कोणापुढे हेच त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही. दाखला आला तो आपल्या क्रमाने आला. आतेभावाच्या मते तो व्याह्यांच्या बंधूंमुळेच आला.

त्यानंतरची अट द्रव्याची. विद्यार्थी तेथे उपाशी मरणार नाही किंवा भीक मागणार नाही याची खातरजमा व्हावी म्हणून एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, म्हणजे ११,९०४ युरो, एका बंदिस्त खात्यात आगाऊ भरावी लागते, आणि तेथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्याच्या हाती पडतात. बापाने घर गहाण टाकून उभा केलेला पैसा मुलाला स्वतःचाच असूनही दरमहा तैनात म्हणून मिळावा, ही योजना पेशवाईतील एखाद्या फडणिसास सुचली असती तर त्याला इनाम गाव मिळाला असता. आणि हा आकडा तरी कोठून आला? तर गरजू विद्यार्थ्यांस जर्मन सरकार जे अर्थसाहाय्य देते, त्याच्या कमाल मर्यादेवरून तो बसविला आहे. तेव्हा ‘थोडे कमी करून बघा’ म्हणावयाची सोय येथेही नाही.

खरी गंमत मात्र चिरंजीव तेथे उतरल्यावर सुरू झाली. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर-कचेरीत पत्ता नोंदविला पाहिजे, असा तेथील कायदा आहे. पत्ता नोंदवावयाचा तर घरमालकाची सही असलेले प्रमाणपत्र पाहिजे. घरमालक खोली देणार तर त्याला नियमित उत्पन्नाचा वा जामिनाचा पुरावा पाहिजे. आणि उत्पन्न सुरू व्हावयाचे तर कराचा जो क्रमांक लागतो, तो नोंदविलेल्या पत्त्यावर टपालाने येतो. टपालाचीही एक खुबी आहे. दाराजवळच्या पत्रपेटीवर ज्याचे नाव नाही, तो मनुष्य त्या घरात जेवत-झोपत असला तरी पोस्टमनच्या लेखी तेथे राहत नाही, आणि त्याचे पत्र आल्या पावली परत जाते. चिरंजिवांनी एका मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून काढलेल्या त्या दिवसांत त्यांचे नाव कोणत्याही पेटीवर नव्हते. म्हणजे अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षणाकरिता विमानाने रीतसर आलेला तो तरुण जर्मन राष्ट्राच्या दृष्टीने अद्याप पोहोचलाच नव्हता.

हे वर्तमान दूरध्वनीवरून कळताच आतेभावाने विचारले, “त्या ऑफिसात मुख्य कोण आहे? त्याला एकदा जाऊन भेट की.”

“बाबा, इथं भेटता येत नाही. ऑनलाइन वेळ घ्यावी लागते.”

“मग घे.”

“पुढच्या सहा आठवड्यांत शिल्लकच नाही.”

“अरे, शिल्लक नसते तेव्हाच भेटायचं असतं!”

या एका वाक्यात आपल्या नागरिकशास्त्राचे सार सामावलेले आहे. परंतु मुलाने पडत्या फळाची आज्ञा मानली नाही, असे मात्र नव्हे. पुढे रहिवासाच्या परवान्याची मुदत संपत आली, आणि अर्ज करूनही भेटीची तारीख मिळेना, तेव्हा मातोश्रींनी पार्सलाने धाडलेल्या दिवाळीच्या फराळातील चकल्या आणि अनारसे एका नेटक्या डब्यात भरून तो कचेरीत गेला, आणि केवळ सणाच्या निमित्ताने म्हणून तो डबा त्याने टेबलापलीकडील बाईंपुढे ठेवला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले, डबा दोन बोटांनी अलगद परत सरकविला, आणि सरकारी नोकरास भेटवस्तू घेण्याची मनाई आहे, असे शांतपणे सांगून पुढचा क्रमांक पुकारला. चकल्यांना हात लावला असता तर निदान काटा मऊ तरी पडता, ही मातोश्रींची हळहळ आजतागायत आहे. तूर्त त्याला एक कागद मिळाला असून, परवान्याचा निकाल लागेपर्यंत त्याचे वास्तव्य कायदेशीर असल्याचे गृहीत धरण्यात आले आहे, असा त्याचा मजकूर आहे. ज्या शहरात त्याला ओळखणारे कोणी नव्हते, तेथे पत्ता नोंदल्याबरोबर आपण होऊन पत्र धाडले ते नभोवाणीच्या वर्गणीखात्याने. घरात रेडिओ असो वा नसो, दरमहा प्रत्येक घराने १८.३६ युरो भरावयाचे असतात. आणि येथेही आतेभावाने ‘रेडिओ नाही म्हणून लिहून दे’ हा सल्ला दिलाच.

परीक्षेच्या बाबतीत तर त्यांचा अगदीच मुखभंग झाला. पहिल्या सत्राच्या निकालात एका विषयात १.३ गुण मिळाल्याचे ऐकताच घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. तेथे १ हा सर्वोत्तम आणि ४ पर्यंत उत्तीर्ण, ही उलटी गणती समजल्यावर पेढे आले. मात्र दुसऱ्या एका विषयात ५ मिळाले होते, ते पेढे वाटून झाल्यावर ध्यानात आले. “प्राध्यापकांना भेटून बघ” हे ओघाने आलेच. तेथे तपासलेली उत्तरपत्रिका पाहावयास ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ असते, हिशेबात चूक असल्यास ती दाखविता येते, आणि परिस्थिती, वडिलांचे वय, काढलेले कर्ज यांचा उल्लेख करावयास जागा नसते. एटीकेटीच्या मायेत वाढलेल्या मुलास, बहुतेक ठिकाणी तीनच संधी असून तिसरीही गेल्यास तो अभ्यासक्रम देशभर कोठेही पुढे चालविता येत नाही, हे पचनी पडावयास वेळ लागतो.

या संदर्भात इरावती कर्वे यांची आठवण होते. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या त्या सासऱ्यांच्या, म्हणजे साक्षात महर्षींच्या, मनाविरुद्ध. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले होते. मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे. त्यांनी दिलेला विषय मानवी कवटीच्या असमतेचा. आणि बाईंनी कवट्या मोजून निष्कर्ष काढला तो गुरूंच्या अपेक्षेच्या नेमका विरुद्ध. गुणांची पर्वा न करता त्यांनी तो लिहिला आणि १९३० साली पदवी घेऊन त्या परतल्या. ‘सूनबाईंना जरा सांभाळून घ्यावे’ अशी चिठ्ठी पुण्याहून गेल्याची नोंद आमच्या वाचनात कोठेही आलेली नाही. अर्थात तेव्हा समाज मागासलेला होता.

आता आमचे चिरंजीव स्थिरस्थावर झाले आहेत, आणि ते कसे झाले हे सांगणे अगत्याचे आहे. त्या शहरातील मराठी विद्यार्थ्यांची गणेशोत्सवापुरती म्हणून स्थापन झालेली एक मंडळी आहे. शिकून बाहेर पडणारा विद्यार्थी आपली खोली जाहिरात न देता मंडळीतील नवागतास देतो. घरमालकीण आजीबाईंनाही तेच सोयीचे वाटते. पत्रपेटीवरील एक ‘कर’ निघतो आणि दुसरा ‘कर’ चढतो. विद्यार्थ्यास वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. ते काम ज्या गोदामात मिळते तेथील पाळीचा मुकादम सोलापूरचा आहे. कचेरीच्या संकेतस्थळावर भेटीच्या नव्या वेळा पहाटे नेमक्या केव्हा उघडतात हे ज्याला ठाऊक आहे असा एक ज्येष्ठ विद्यार्थी असून, तो ते फक्त आपल्या माणसांना सांगतो. खोलीसाठी वणवण हिंडणाऱ्या तेलुगू आणि इराणी विद्यार्थ्यांना हे दार कसे दिसत असेल, याचा विचार मंडळीच्या कोणत्याही बैठकीत झाल्याचे ऐकिवात नाही. आतेभाऊ तर आल्यागेल्यास अभिमानाने सांगतात की, तिकडे सगळे कसे नियमाने चालते, आपल्यासारखी वशिलेबाजी औषधालादेखील सापडावयाची नाही.

वाचकांपैकी कोणाचे चिरंजीव अथवा कन्या येत्या ऑक्टोबरात जर्मनीस निघणार असतील आणि खोलीची सोय झाली नसेल, तर त्यांनी वृत्तपत्राच्या पत्त्यावर आमच्या नावे कळवावे. त्याच सुमारास एक खोली रिकामी होते आहे. आमचे नाव सांगितले म्हणजे काम होईल. मात्र ही गोष्ट चारचौघांत बोलू नये.