लोणी आणि राजूरचा घाट

शाळेत तपासणीला साहेब आले की पाढे म्हणायला कोणाला उभं करायचं, हे तीस वर्षं मीच ठरवत आलो. मागच्या बाकावरच्या मंडळींना त्या दिवशी मैदान झाडायला धाडायचं, हा नियम. एवढा अनुभव गाठीशी असताना मी फसलो, यात बुद्धीचा दोष नाही, ग्रहांचा आहे. घरी तरी मी असंच सांगतो.

झालं असं. जाफराबादच्या एका साप्ताहिकात मी अधूनमधून गाड्यांवर लिहितो. मला गाड्यांतलं कळतं असा गावाचा समज आहे, आणि तो मीच पसरवलाय. त्या कीर्तीवर भाळून जालन्याच्या एका शोरूमने नवी पिकअप दिवसभर चालवायला दिली. टाकी फुल्ल, एसी गार, हौद्यात कागदाचा कपटाही नाही. सोबत त्यांचा पोरगा. कुठे वळायचं तेही तोच सांगे. समृद्धीवर गाडी अशी पळाली की मी घरी येऊन एका बैठकीत लेख हाणला: ‘इंजिन लोण्यासारखं मऊ.’

या पिकअपमध्ये दोन इंजिनं मिळतात आणि मला दिलं ते थोरलं, एवढं लिहायचं राहिलं. धाकट्याची माहिती शोरूमच्या कागदावर होती, पण त्या कागदावर मी चहाचा कप ठेवला होता.

यात जगावेगळं काही नाही. परीक्षकांसाठी कंपन्या गाड्या राखूनच ठेवतात. बहुतेकदा वरचं मॉडेल, जोरकस इंजिन, आणि रस्ताही त्यांच्या पसंतीचा. आडनाव एक, पण पोटात फरक. टाटांच्या ‘इंट्रा’चंच बघा: व्ही-१० ला ७९८ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, व्ही-३० ला १४९६ सीसीचं चार सिलिंडरचं. (माझी कथा या गाडीची नव्हे, तिच्या नावातच निदान आकडा तरी आहे.) फोक्सवॅगनची तर २०१५ साली कमालच उघडी पडली. परीक्षा चालू आहे हे डिझेल गाडीलाच कळायचं आणि ती तेवढ्यापुरती सज्जन व्हायची. अशी पोरं माझ्याही वर्गात होती.

माझा लेख वाचून टेंभुर्णीच्या मेहुण्याने पिकअप घेतली. हप्ता कमी बसतो म्हणून धाकटं इंजिन.

“दाजी, मऊ आहे ना?”

“लोणी!”

पहिल्या मोठ्या फेरीला त्याने मला आग्रहाने शेजारी बसवलं. मलकापूरहून सरकीची पेंड भरली. आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा दहा पोती जास्त, कारण कागदावरच्या वजनाने पिकअप चालवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मोताळा मागे पडलं, राजूरचा घाट लागला. (आपलं गणपतीचं राजूर नव्हे, बुलढाण्याअलीकडचं. तिथे गणपती असता तर बरं झालं असतं.) दुसऱ्या वळणाला गाडी पहिल्या गिअरवर आली, तिसऱ्याला क्लचप्लेटचा करपट वास आला, चौथ्याला ती थांबली. मी उतरलो आणि चाकामागे दगड ठेवला. गाडी हातभर पुढे, की दगड हातभर पुढे. धोतराच्या काळात बैलगाडीला असं करत म्हणे. मी इस्त्रीच्या पॅन्टीत केलं.

तेवढ्यात शेजारून एक म्हातारा छोटा हत्ती धूर सोडत वर गेला. २००५ साली हा आला तेव्हा ७०२ सीसी, दोन सिलिंडर आणि १६ हॉर्सपॉवर एवढाच त्याचा संसार. त्याच्याबद्दल कोणी लोण्याची भाषा केली नव्हती. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, “नवी दिसते?”

मेहुणा समोर बघत म्हणाला, “दाजी, लोणी कढलं.”

बुलढाण्यात चहाचे पैसे मी दिले. क्लचप्लेटचेही.

आता गाडी विकायला काढली आहे आणि जाहिरात लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलंय. तर मंडळी: पिकअप, एकहाती वापर, इंजिन मऊ. ट्रायल सकाळी सात वाजता, चिखली रोडवर, गाडी रिकामी. घाटाचा आग्रह धरू नये.