बंड्याची आई

प्रत्येक वर्गात एक बंड्याची आई असते. तिला स्वतःचं नाव असतं, पण ते आधार कार्डावर. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘बंड्याची आई, तिसरी ब’ एवढ्यावर भागतं. ऑगस्ट सरत आला की ती ग्रुपवर सहज म्हणून विचारते, ‘शिक्षकदिनाला बाईंना काय देताय सगळे? आम्ही आपलं घरीच काहीतरी साधंसं करणार आहोत.’

हे ‘साधंसं’ वाचून जाणत्या आयांच्या पोटात गोळा येतो. गेल्या वर्षीचं साधंसं त्यांनी पाहिलेलं असतं. त्याला झुंबर होतं.

१९६२ साली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले आणि विद्यार्थ्यांनी त्यांचा ५ सप्टेंबरचा वाढदिवस साजरा करायची गळ घातली. ते म्हणाले, माझ्याऐवजी शिक्षकांचाच दिवस पाळा. तत्त्वज्ञ माणूस! पुढे घरोघरी ग्लू गन नावाची वस्तू येणार आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

बंड्याची आई ‘टाकाऊतून टिकाऊ’ पंथाची. मात्र घरात टाकाऊ काही शिल्लक नसल्यामुळे ते विकत आणावं लागतं. पेनस्टँडला काचेची बरणी हवी म्हणून घरातली माणसं पंधरवडाभर पोळीला, ब्रेडला, एकदा तर थालीपिठालाही जॅम लावून खातात. आईस्क्रीमच्या काड्या शंभराच्या पाकिटात मिळतात हे एक बरं आहे, नाहीतर बंड्याच्या बाबांचा घसा कायमचा बसला असता. पिस्त्याची टरफलं मागच्या दिवाळीपासून डब्यात आहेत. उरलेल्या सामानासाठी पुण्यातली बोहरी आळी आहेच. ‘दोन कुंदन आणि हातभर लेस’ आणायला गेलेली ही बाई रिक्षा करून परत येते, कारण पिशव्या दुचाकीवर मावत नाहीत.

आता मुलाला सोबत घेऊन करायचा कार्यक्रम. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं जातं. बंड्या उत्साहानं बाह्या सरसावतो. पहिली काडी तो लावतो ती तिरकी. आई प्रेमानं म्हणते, ‘छान हं!’ आणि त्यानं मान वळवताच ती उपटून सरळ लावते. दुसऱ्या काडीला ‘थांब, मी दाखवते’. तिसरीला ‘हात नको लावूस, ओलं आहे’. त्यानंतर बंड्याकडे फेव्हिकॉलच्या बाटलीचं झाकण सांभाळायचं काम येतं. तेवढ्यात तो तळहातावर फेव्हिकॉल फासतो, फुंकर घालून वाळवतो आणि कातडीसारखा अखंड पापुद्रा सोलून काढतो. त्या संध्याकाळी त्या घरात निर्मितीचा खरा आनंद कुणाला झाला असेल, तर तो यालाच.

मध्येच तो वहीच्या पानावर बाईंचं चित्र काढतो. बाईंना स्कूटर, स्कूटरला डोळे, खाली ‘बाई तुमी मला आवडता पण गणीत नाही’. आई ते वाचते, ‘तुम्ही’ दुरुस्त करते, ‘गणित’ ऱ्हस्व करते आणि कागद ग्लू गनखाली ठेवते. गरम गोंद फरशीवर सांडायला नको.

रात्री अकराला बंड्या घोरत असतो आणि आई पिस्त्याच्या टरफलांचं कमळ फुलवत असते. हसू नका. शाळेत असताना एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेत तिला सी ग्रेड मिळाली होती. कार्यानुभवाच्या तासाला तिची राखी बाईंनी वर्गभर दाखवली होती, पण ‘अशी करू नये’ म्हणून. तो निकाल ती गेली पंचवीस वर्षं फेरतपासणीला पाठवते आहे. बंड्या निव्वळ पोस्टमन.

बाईंचं काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंकडे इतके पेनस्टँड साठलेत की एकात टूथब्रश, एकात उलथनी आणि एकात उदबत्त्या राहतात. ‘त्यात ठेवायला एखादं पेन तरी द्यायचं होतं रे,’ असं त्या म्हणतात. एका मुलानं मात्र त्यांना चहाच्या कागदी कपात मेथी पेरून आणून दिली होती. चार दिवसांत उगवते, आईची गरज लागत नाही. बाईंनी ती खुडून वरणात घातली. माझ्या मते भेटवस्तूचा यापेक्षा चांगला शेवट होऊ शकत नाही. पण हे बंड्याच्या आईला सांगून उपयोग नाही, ती कपालाच लेस लावेल.

५ तारखेला बंड्या तो राजवाडा दोन्ही हातांनी धरून वर्गात शिरतो. बाई बघतात. त्यांच्या नोकरीची वीस वर्षं झालीत, त्यांना काड्यांच्या सरळपणावरून सगळं कळतं.

‘अरे वा! तू केलंस?’

‘नाही, मी झोपलो होतो. आणि ओल्या फडक्यानं पुसू नका, असं आईनं सांगितलंय.’

दुपारी आई फाटकाशीच गाठते. ‘काय म्हणाल्या बाई?’

‘छान म्हणाल्या.’

‘एवढंच?’

‘मला हसल्या. आणि विचारलं, आई ड्रॉइंग टीचर आहे का?’

घरी पोचण्याआधी ते स्टेटसला लागतं. रात्री जेवताना बंड्याला आणखी एक गोष्ट आठवते. ‘आई, बाईंनी सांगितलंय, पुढच्या महिन्यात विज्ञान प्रदर्शन आहे. ज्वालामुखी नाहीतर पवनचक्की. पण मुलांनी स्वतः करायचं.’

‘हो तर, तूच करायचंस,’ आई म्हणते, आणि बाबांच्या पुढ्यातली आमटीची वाटी उचलून बाजूला ठेवत टेबलाची लांबी वितीनं मोजायला लागते.