पाऊल न वाजवता

शहाडमध्ये कुणाच्या नजरेस न पडता घरी पोचणं हा पराक्रम आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती इथे. तुम्ही उतरता, पूल चढता, आणि घराच्या कोपऱ्यावर येईस्तोवर तुम्हाला आज कुठली गाडी मिळाली, पिशवीत काय आहे आणि भाजी कल्याणहून का आणली, इथे काय भाजी मिळत नाही का, ही सगळी चौकशी उरकलेली असते. त्यात दुष्टावा नसतो. शेजारचं उल्हासनगर तर मुळात बराकींचंच गाव. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेली सिंधी कुटुंबं, एकाच बराकीत आडोसे करून थाटलेले संसार. १९४९ साली गावाला नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर तीन' असंच सांगतात. आडोशापलीकडचा खोकला कुणाचा हे न बघता ओळखणाऱ्या मुलखात खासगीपणाची कल्पना जरा वेगळीच वाढणार.

अशा ठिकाणी राहून पन्नाशीनंतर मी चोरी शिकायला बसलो. अर्थात संगणकावर.

गुरू म्हणजे माझा भाचा. "मामा, गोळीबाराचे गेम तुम्हाला झेपायचे नाहीत," असं आधी स्पष्ट सांगून त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'थीफ' घालून दिला. "यात पळायचं नाही. अंधारात गप्प बसायचं." ही पात्रता माझ्यात आहे हे त्याने कशावरून ठरवलं, ते मी विचारलं नाही.

भाच्याची पिढी सायबर कॅफेत 'आयजीआय' खेळून मोठी झाली. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने २००० साली काढलेला हा गेम तिकडे किती जणांना आठवत असेल कोण जाणे, पण आपल्याकडे 'आयजीआय' म्हटलं की तिशी-चाळिशीतली माणसं एकदम हळवी होतात. खरं तर तोही लपूनछपून खेळायचाच गेम. जोन्स नावाच्या हेराने शत्रूच्या तळात शिरायचं, कॅमेरे चुकवायचे, भोंगा वाजू द्यायचा नाही. पण मोहिमेच्या मध्ये डाव जपून ठेवायची सोयच नव्हती. मेलात की पहिल्यापासून. त्यात कॅफेचं भाडं तासावर. झुडपामागे दहा मिनिटं दबा धरून बसणं म्हणजे भाड्याचे पैसे झुडपात घालणं. तेव्हा सगळी पोरं आत शिरली रे शिरली की दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटायची. एका चांगल्या हेरकथेची अशी हाणामारी झाली ती तासाच्या भाड्यापायी, असं माझं मत आहे. लपायला आधी वेळ लागतो, आणि तो फुकट असावा लागतो.

'थीफ : द डार्क प्रोजेक्ट' आला १९९८ च्या अखेरीस, अमेरिकेतल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजकडून. त्यांच्या मनात आधी होता आर्थर राजाची गोष्ट उलटी करून सांगणारा तलवारबाजीचा गेम. पुढे तलवारी मागे पडल्या आणि चोर उरला. हत्यार उपसून धावत सुटायच्या त्या जमान्यात यांचा नायक गॅरेट भिंतीला चिकटून उभा! तलवार त्याच्याकडेही आहे, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की ती फारशी कामाची नाही. पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं. तुमच्यावर उजेड पडला की ते उजळतं, अंधारात गेलात की विझतं. सगळा खेळ त्या रत्नाकडे आणि कानांकडे लक्ष ठेवून. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजतं, लोखंडी जाळीवर तर अख्ख्या वाड्याला कळतं. मशाल विझवायला पाण्याचा बाण, फरशीवर मऊ पायवाट करायला शेवाळाचा बाण. रात्री सगळे झोपल्यावर डब्यातला चिवडा काढायचा तर हा शेवाळाचा बाण स्टीलच्या झाकणालाही चालावा, असं फार वाटतं.

हे सगळं पहिल्यांदा पाहताना मला राहून राहून शर्विलक आठवत होता. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'मधला, देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेला. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, पण भोक म्हणजे उगाच भोक नव्हे. कमळाच्या आकाराचं पाडावं, सूर्याच्या, चंद्रकोरीच्या की पूर्णकुंभाच्या, यावर त्याचा शास्त्रोक्त विचार चालतो. विटा भाजलेल्या आहेत, तेव्हा पूर्णकुंभ शोभेल. मापाची दोरी घरी राहिली म्हणून जानव्याने माप घेतो. आधी बाहुलं आत सरकवून बघतो. दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी मारतो, आणि मग पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज होईल म्हणून काळजीत पडतो. दिवा विझवायला त्याच्याकडे खास किडा असतो, तो सोडला की ज्योतीभोवती घिरट्या घालून ती मालवतो. गॅरेटचा पाण्याचा बाण म्हणजे याच कामाची विलायती तोड. लुकिंग ग्लासमधल्या मंडळींनी शूद्रक वाचला होता असं मला मुळीच सुचवायचं नाही. अंधारात शिरणाऱ्या माणसापुढे अडचणी त्याच त्या असतात, एवढंच.

आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो चारुदत्त काय करतो? ते भोक बघून आधी कारागिरीचं कौतुक करतो. वर हळहळतो, की एवढी मेहनत करून बिचारा रिकाम्या हाती गेला असेल. गिऱ्हाईक असं असलं तर चोरीला उठाव येणारच. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पूर्णकुंभ पाडलाच, तर कौतुकाआधी सोसायटीची मीटिंग होईल.

'थीफ'ची पहिली मोहीम लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यातली. धनी गावाला गेलेला, त्याचा रत्नजडित राजदंड उचलायचा. पण मी अडकलो ते वाड्याबाहेरच. तिथे दोन पहारेकरी गप्पा मारत उभे असतात. विषय अस्वलांच्या झुंजीचा. एक विचारतो, आज जाणार का बघायला. दुसऱ्याचं म्हणणं, आता त्यात पूर्वीसारखी मजा राहिली नाही. मी अंधारात बसून ते सगळं ऐकलं. पूर्वीसारखं काही राहिलं नाही ही तक्रार कल्याणच्या फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्याच्या तोंडी जशी शोभते, तशीच ती मध्ययुगी शिपायाच्याही तोंडी शोभली. मला आत जायचंच नव्हतं. हे दोघे आणखी काय बोलतात ते ऐकायचं होतं.

माझ्या मते या गेमची खरी करामत इथे आहे. दुसऱ्या गेममध्ये शत्रू म्हणजे नेम धरायची जागा. इथे तुम्हाला त्याच्याकडे नीट बघावंच लागतं. तो कुठून कुठे जातो, कुठे वळतो, कुठे रेंगाळतो, शीळ कधी घालतो. काही वाजलं तर थबकतो, इकडेतिकडे बघतो, थोडा वेळ शोधतो, मग स्वतःशी पुटपुटत पुन्हा फेरीला लागतो. तो पुटपुटतोय तोवर तुम्ही सुरक्षित. चोराइतकं बारीक लक्ष त्या बिचाऱ्याकडे त्याच्या धन्याने आयुष्यात दिलं नसेल. काही वेळाने त्याच्या डोक्यात दंडुका घालणं अगदी जिवावर येतं.

याचा परिणाम घराबाहेरही झाला. आमचा रात्रपाळीचा वॉचमन काठी आपटत फेरी मारतो. इतकी वर्षं ती काठी नुसती कानावर पडायची. आता गॅलरीत उभा राहून मी त्याची फेरी ताडू लागलो. पाण्याच्या टाकीपाशी तो थांबतो, मोबाइलवर काहीतरी ऐकतो, मागच्या गेटचं कुलूप दोनदा ओढून बघतो. पत्र्याच्या शेडखाली गेला की डावीकडची बाजू मोकळी. गॅरेट असता तर इथूनच शिरला असता, असा मी हिशोब करतोय तोच खालून आवाज आला, "काय साहेब, झोप नाही वाटतं? रोज उभे असता." म्हणजे माझं निरीक्षण सुरू व्हायच्या आधीपासून त्याचं सुरू होतं. मी म्हटलं, उकडतंय. तो म्हणाला, हो, यंदा जास्तच आहे. शहाडने ती मोहीम पहिल्याच मिनिटाला हाणून पाडली.

गेममध्ये मला न आवडलेली गोष्टही सांगायला हवी. दुसऱ्याच मोहिमेत तुरुंगात शिरायचं तर आधी जुन्या खाणीतून जावं लागतं आणि तिथे चालती-फिरती प्रेतं भेटतात. या प्रेतांना ना अस्वलं आवडत, ना पगाराची चिंता. ती नुसती कण्हतात. माणसांच्या वाड्यातली मजा त्यांच्यात नाही, आणि पुढेही ती पुन्हा पुन्हा येतात. प्रेतं कमी आणि शिपाई जास्त असते तर 'थीफ' आणखी मोठा गेम झाला असता, हे मी भाच्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, हेच सगळे म्हणतात." एवढ्या उशिरा येऊनही आपलं मत लोकांशी जुळावं, याचा आनंद झाला.

लुकिंग ग्लास २००० साली बंद पडलं. गेम मात्र 'थीफ गोल्ड' या नावाने आजही रीतसर विकत मिळतो, आणि त्याला महागडा संगणक लागत नाही. चित्रं ओबडधोबड वाटतील, तिकडे लक्ष देऊ नका. हेडफोन मात्र चांगले घ्या आणि सुरुवातीलाच 'एक्स्पर्ट' पातळी निवडा. अवघड आहे म्हणून नव्हे, तर त्या पातळीवर कुणाचा जीव घ्यायला परवानगी नाही म्हणून.