बाराव्या मजल्यावरचा कॅप्टन

व्हाइटफील्डला समुद्र नाही. मंगळूरचा किनारा साडेतीनशे किलोमीटर लांब, आणि बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. सोसायटीत पाणी येतं ते टँकरनं. अशा जागी बाराव्या मजल्यावर आमचे कॅप्टन राहतात. मूळचे सोलापूरचे, त्यामुळे टँकरशी जुना घरोबा.

हा हुद्दा त्यांनी स्वतःच घेतला. कंपनीनं अमेरिकेला धाडलं होतं तेव्हा चार सहकाऱ्यांबरोबर ते कॅरिबियनला गेले. सेंट लुसियाच्या रॉडनी बेपासून दक्षिणेला सेंट व्हिन्सेंट, बेक्वे, ग्रेनाडा असे शिडाच्या नौकेतून आठ दिवस हिंडले. प्रवास आठ दिवसांचा, निरूपण अजून चालू आहे. तिकडचे व्यापारी वारे पूर्वेचे, दक्षिणेला जाताना ते डाव्या कुशीला लागतात आणि जून ते नोव्हेंबर वादळांचे, हे आता आमच्या वॉचमनलाही पाठ आहे. नव्या देशाच्या बंदरात शिरताना पिवळं निशाण लावायचं, कागदांवर शिक्के पडले की उतरवायचं. म्हणून गेटवर पाहुणा अडकला की कॅप्टन फोनवर सांगतात, "पिवळं निशाण लाव, मंजुरी येतेय."

आउटर रिंग रोडच्या कोंडीत सगळे चिडतात, कॅप्टन खुलतात. "शिडाची नौका ताशी पाच-सहा सागरी मैल जाते. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. आत्ता आपण तेवढेच चाललोय. वारा चांगला आहे!"

दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. ही हकीकत कॅप्टन अशी सांगतात, की निरोप द्यायला धक्क्यावर हेच उभे होते.

एकदा वहिनींनी चहा ओतता ओतता नांगरच उपटला. "नौकेवर पगारी कप्तान होता हो. हे पोहे करायचे."

कॅप्टन ओशाळले नाहीत. "सुकाणू कुणीही धरेल. कललेल्या नौकेत फोडणी करून दाखवा!" तिथली शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. नौका कलली तरी कढई सपाट राहते. फक्त करणाऱ्यानं स्वतः सपाट होऊ नये.

पण त्या पोह्यांनीच त्यांना माणसं मिळवून दिली. बेक्वेच्या खाडीत नांगर पडला, की शेजारच्या नौकेवरचा कुणी छोटी होडी वल्हवत यायचा. ओळख ना देख. बर्फ आहे का? पुढच्या बेटावर नांगर कुठे धरतो? तासाभरात चार देशांची माणसं एका कढईभोवती. सकाळी ज्याची त्याची वाट वेगळी, आणि तिसऱ्या बेटावर पुन्हा तीच मंडळी, लांबूनच "पोहे!" म्हणून ओरडणारी.

ही रीत कॅप्टननी व्हाइटफील्डात आणली. इथे शेजाऱ्याकडे जायचं तरी आधी मेसेज टाकतात. कॅप्टन सरळ दार वाजवतात. "नांगर टाकलात ना? काही लागलं तर सांगा." नवे भाडेकरू आधी त्यांना विमा एजंट समजतात. पोह्यांची बशी दिसली की दार जरा आणखी उघडतं.

सप्टेंबर 2022 च्या पावसात वरथूरकडचं पाणी सोसायटीत शिरलं. तळघर बुडालं, वीज गेली, लिफ्ट थांबल्या आणि गेटातून खरीखुरी रबरी होडी आत आली. सगळे कॅप्टनकडे बघू लागले. कॅप्टन होडीत चढले आणि पुढे बोट दाखवत ताठ उभे राहिले. होडी डगमगली. होडीवाला म्हणाला, "सार, कूतकोळ्ळी!"

कॅप्टन मुकाट्यानं बसले.

मग होडीवाल्यानं विचारलं, आधी कुणाला काढायचं? कमिटी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. कॅप्टन बसल्या बसल्या सांगू लागले. बी विंग, तिसरा मजला, आजींचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे, फ्रीज बंद. सातव्यावर पंधरा दिवसांची बाळंतीण. नवव्यावरचा मुलगा एकटाच, कन्नड येत नाही, मराठीही नाही, पण पोहे म्हटलं की खाली येईल.

वल्हं त्यांच्या हाती कुणी दिलं नाही. होडी मात्र दिवसभर त्यांच्या शब्दावर फिरली.

संध्याकाळी उरलेल्या मंडळींसाठी गच्चीवर पोहे झाले. सिलिंडर दुसऱ्या मजल्याचा, कढई चौथ्याची. फोडणी थोडी जळली. कॅप्टन म्हणाले, "काय करणार, शेगडी हलतच नव्हती!"