रणगाडे कसे बघावेत? (नवशिक्यांसाठी)

आधी पत्ता. नगर-सोलापूर रस्त्यावर, फराहबागेजवळ, लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ साली सुरू झालं. शहराचं नाव आता अहिल्यानगर; रिक्षावाल्याला दोन्ही समजतात.

शक्यतो मे महिन्यात जाऊ नका. बहुतेक मंडळी उघड्यावर उभी आहेत आणि पोलादाला उन्हाळ्यात माणुसकी राहत नाही.

आत शिरल्यावर माणूस पहिल्या रणगाड्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून बघतो, माठ घेताना करतो तशी. लाजू नका. 'टँक' हे नावच मुळी पाण्याच्या टाकीवरून आलेलं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे यंत्र गुपचूप बनवलं आणि कुणी विचारलं तर टाक्या बनवतोय म्हणून सांगितलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये टाकी रणांगणात उतरली, गुपित फुटलं, नाव मात्र चिकटलं.

तुमच्यासोबत एक मेहुणा असेलच. तो प्रत्येक रणगाड्याला 'पॅटन' म्हणेल. वाद घालू नका. खाली वाकून एका बाजूची चाकं मोजा. चर्चिलला अकरा, लहान लहान, मालगाडीसारखी. पाण्यात पोहणाऱ्या रशियन पीटी-७६ला सहा, अमेरिकन शॅफीला पाच. १९७१च्या नोव्हेंबरात गरीबपूरला हे दोघे समोरासमोर आले, पीटी-७६ आपले, शॅफी पाकिस्तानचे, आणि मार शॅफींनी खाल्ला. एवढं सांगून झालं की मेहुणा मोबाइल काढतो. अवडीला बनलेल्या 'विजयंता'लाही सहाच चाकं. तिथे पाटी वाचावी, सगळंच मोजून कळत नाही.

स्टुअर्टला चुकून ओलांडून जाल. शेजारच्या धिप्पाड मंडळींत तो शाळकरी वाटतो. पण १ नोव्हेंबर १९४८ला हाच झोजिला खिंडीत, अकरा हजार फुटांवर, बर्फात पोचला होता. बुरूज काढून, वर झाकणं घालून हे रणगाडे तिथवर नेले, ते येताहेत हे शत्रूला कळू नये म्हणून. इथे निदान दोन मिनिटं थांबा. मला विचाराल तर सगळ्या आवारातला खरा नायक हाच.

आता पॅटन. मेहुण्याला बोलवा, त्याचं बरोबर यायची हीच वेळ. वजन साधारण ४५ टन, ९० मिलिमीटरची तोफ, त्या काळचा मोठा दरारा. सप्टेंबर १९६५मध्ये पाकिस्तानचे पॅटन चालून आले तेव्हा पंजाबात असल उत्तरला आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं, उसात तोफा लपवल्या आणि वाट बघितली. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले.

हे सगळं मी राहुरीच्या मामांना, घसा कोरडा होईपर्यंत, समजावून सांगत होतो. नळीची लांबी, चिलखताची जाडी, असल उत्तरला लढलेल्या अब्दुल हमीदांची जीपवरची तोफ, सगळं. मामांनी आयुष्यभर ऊस केलेला. त्यांचं लक्ष नळीकडे नव्हतंच. ते उकिडवे बसून पट्ट्याची रुंदी वितीनं मोजत होते.

"येवढं वझं," शेवटी ते म्हणाले, "आन् वापसा नसताना रानात घातलं?"

आणि टोपी झटकून सावलीला जाऊन बसले.