परत येणार ना, चिरंजीव?

आमच्या जिल्ह्यात आता तीन हंगाम धरले जातात : फॉल, स्प्रिंग आणि टँकर. पैकी तिसऱ्यात नेते दौऱ्यावर निघतात, पहिल्या दोनांत पोरं. नगरच्या सावेडीत चार पावलं चाला, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारा एक तरी बोर्ड डोक्यावर येतोच. त्यावर स्वातंत्र्यदेवता, बिग बेन आणि कांगारू खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘पार्किंग मागील बाजूस’. एखाद्या वाडीतल्या पोराला प्रवेश मिळाला की वेशीवर फ्लेक्स लागतो. मध्यभागी आमदार, त्याच्या डावीकडे माजी आमदार (हल्ली दुसऱ्या पक्षात, पण फोटो जुनाच), भोवती शुभेच्छुकांची दाटी आणि कोपऱ्यात पासपोर्ट साइजमध्ये ज्याच्यामुळे हा खर्च झाला ते चिरंजीव. परत आलेल्याचा फ्लेक्स मात्र जिल्ह्यात अजून कुणी लावल्याचं ऐकिवात नाही.

तरी सगळा व्यवहार उभा आहे तो ‘परत येणार ना?’ या एका प्रश्नावर. एकाच पोराला तो तीन ठिकाणी विचारला जातो आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच नसतं.

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीवर उत्तर ‘होय’. अमेरिकेच्या कायद्यातलं कलम २१४(बी) सांगतं की व्हिसा मागायला आलेला प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच आला आहे असं धरून चालावं. तसं नाही हे त्यानं सिद्ध करावं. म्हणून सल्लागार पोरांकडून घोकून घेतात : घरची बागायत आहे, आईवडील एकटे आहेत, शिकून आल्यावर गावाचा कायापालट करायचा आहे. ज्यानं जन्मात ग्रामसभेची पायरी चढली नाही ते पोरगं इंग्रजीतून पाणलोट विकास सांगतं. हिवरे बाजारचं नाव मंत्रालयापेक्षा बीकेसीच्या रांगेत जास्त घेतलं जात असावं असा माझा संशय आहे. कागदांची गंमत निराळीच. पासपोर्टवर जन्मस्थान अहमदनगर. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, त्यामुळे नव्या दाखल्यांवर अहिल्यानगर. पोरगं एक, जन्म दोन. आणि याच दिवसांत बँकेचीही पायरी चढायची.

बँकेत उत्तर ‘नाही’. इथे चुकून ‘परत येणार’ म्हणालात तर मॅनेजर चहा परत पाठवतो. चाळीस लाखांचं कर्ज सुपा एमआयडीसीतल्या पगारातून फेडायचं म्हटलं तर पोराच्या निवृत्तीचा आणि शेवटच्या हप्त्याचा समारंभ एकत्रच करावा लागेल, हे त्याला कळतं. ज्या बागायतीच्या जोरावर व्हिसाच्या साहेबाला जिंकायचं, ती इथे बिनकामाची. शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, एनए प्लॉट मागतात. तोही असतो, बापानं कुठल्याशा बायपासला घेऊन ठेवलेला. तो अडकला की मॅनेजर मान वर करून विचारतो, “पण तिकडं नोकरी लागल ना?” बाप म्हणतो, “तिकडंच राहणार आहे हो तो.” व्हिसाच्या खिडकीवर उलटं बोलायला त्यानंच पोराला शिकवलेलं असतं. त्याला खोटारडा म्हणायची माझी हिंमत नाही. दोन्ही कागदांवर सही त्याची आहे, मजकूर दुसऱ्यांचा.

तिसरी खिडकी सोयरिकीची. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून तर एवढा घाट घातला. आता बायोडाटावर रास, नाडी, गण आणि त्याखाली ‘सध्या ओपीटीवर’, म्हणजे तिकडच्या कामाच्या परवानगीवर. इथे ‘परत येणार’ म्हणणं हा घरातला आजार लपवण्याइतका गंभीर गुन्हा. मुलीचा मामा पान जमवत विचारतो, “स्टेम आहे ना? कंपनी ग्रीन कार्डाचं पिटिशन टाकणार का? आय-१४० कधी?” याच मामाची सातबाऱ्यावरची वारसनोंद तलाठ्याकडे कधीची पडून आहे, पण आय-१४० त्याला तोंडपाठ.

हा सारा मामला पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकायचं, कारखान्याच्या गावी जायचं आणि उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही. पोरगं तेच करतं. उचल बँकेची, बिऱ्हाड दोन बॅगांत, कारखाना टेक्सासात. फरक इतकाच की ऊसतोड्याला पोचल्या दिवशी काम मिळतं. पोराला आधी दोन वर्षं कारखान्यालाच पैसे भरावे लागतात.

मग ओपीटी सुरू होते. शिक्षण संपल्यावर कामाला १२ महिन्यांची परवानगी. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग किंवा गणितातला, म्हणजे ‘स्टेम’ असेल तर आणखी २४. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, मुदतवाढ धरून १५०. त्यापुढे गेलात की तिथला मुक्काम बेकायदा. हा नियम आपल्याकडे लागू झाला तर दिल्लीगेटपासून माळीवाड्यापर्यंतचे कट्टे ओस पडतील आणि पाठोपाठ दोन-चार महामंडळांच्या अध्यक्षांना जिल्हा सोडावा लागेल. तेवढ्यापुरता मी त्या नियमाच्या बाजूनं आहे.

छत्तीस महिन्यांत मार्च तीनदा येतो आणि मार्च म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसाची नोंद. जागा ८५ हजार : ६५ हजार सगळ्यांसाठी, २० हजार तिथून मास्टर्स केलेल्यांसाठी. २०२५ च्या मार्चात पात्र नोंदी ३ लाख ४४ हजारांच्या घरात होत्या, चिठ्ठ्या टाकून निवडल्या गेल्या १ लाख २० हजारांच्या आसपास. नोंदीची फी १० डॉलर होती, ती त्याच वर्षी २१५ झाली. नोंद लागली म्हणजे तोड येतेच असं नाही, हे नगरच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. उसाला तुरा फुटतो आणि कारखान्याचा चिटबॉय काही बांधावर फिरकत नाही. २०२६ पासून तर चिठ्ठीही सरळ राहिली नाही : सर्वांत वरच्या पगारश्रेणीतल्या माणसाच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, सर्वांत खालच्याच्या नावाची एक. नुकतं पास झालेलं पोरगं अर्थातच एकवालं. संचालकाच्या उसाला आधी तोड, ही पद्धत आम्ही सहकारात कधीच शोधून काढली होती. पेटंट घ्यायचं तेवढं राहून गेलं.

एका बाबतीत मुकादम अमेरिकेच्या पुढे आहे म्हणावं तर तेही जमत नाही. तो नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतो. राबायचं दोघांनी, हिशेब एक, आणि तो नवऱ्याच्या हाती. अमेरिका एच-१बीवाल्याच्या बायकोला कामच करू देत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलं तर परवानगी मिळते, तीही २०१५ पासून. तोवर पुण्याच्या कंपनीत पंधरा माणसांची टीम सांभाळलेली सून टेक्सासात कपड्यांच्या घड्या सांभाळते. पुढारलेपणाचा हा सामना बरोबरीत सुटला.

१९ सप्टेंबर २०२५ ची रात्र गावोगाव लक्षात राहील. नव्या एच-१बी अर्जामागे एक लाख डॉलर भरावेत असा हुकूम ट्रम्पसाहेबांनी काढला. म्हणजे त्या दिवशीच्या भावानं साधारण ८८ लाख रुपये. अंमल २१ तारखेपासून, आणि त्या दिवशी नेमकी सर्वपित्री अमावस्या. पितरांना घास ठेवणारे हात दर दोन मिनिटांनी मोबाइलकडे जात होते. पैसे दरवर्षी भरायचे की एकदाच, यावर तिकडे मंत्री एक बोलला आणि व्हाइट हाउस दुसऱ्या दिवशी दुसरंच. इकडे पारावर दोन तट पडले. पारावरचे एक तात्या म्हणाले, “एकदाच असल.” तात्यांचा आधार काय, तर ग्रामपंचायतीची घरपट्टी त्यांनी एकदाच भरली आहे. पुढे ऑक्टोबरात खुलासा आला की तिथेच शिकून, तिथेच राहून व्हिसा बदलणाऱ्यांना ही रक्कम लागू नाही. तोपर्यंत दोन सोयरिकी मोडल्या होत्या. त्यांचा खुलासा कुणी काढला नाही.

ग्रीन कार्डाचं विचारू नका. नोकरीच्या वाटेनं वर्षाला १ लाख ४० हजार कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्के. भारताला जेवढी मर्यादा तेवढीच आइसलँडला. आणि आइसलँड म्हणजे माणसांच्या हिशेबानं एक नगर शहर, फार तर केडगाव-भिंगार धरून. परिणाम असा की २०२५ संपत आलं तरी मास्टर्सवाल्या भारतीयांच्या रांगेत नंबर चालू होता २०१३ सालच्या अर्जांचा. आता आमच्याकडची माणसं मुळा धरणाच्या साठ्याआधी व्हिसा बुलेटिन वाचतात. दोन्हींत पातळी इंचानं वाढते. जुन्या माणसांनी मात्र खचू नये : १९४६ साली अमेरिकेनं भारतीयांना मोठ्या मनानं दार उघडलं तेव्हा कोटा होता वर्षाला शंभर माणसांचा.

अमेरिका नसेल तर दुसरीकडे, असं सल्लागार म्हणतात. दुसरीकडेही तेच. ब्रिटनमध्ये शिकल्यावर दोन वर्षं राहता येतं, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिने. कॅनडानं २०२४ पासून शिक्षणाच्या परवान्यांनाच टोपी घातली. जर्मनी नोकरी शोधायला १८ महिने देते, पण आधी ११,९०४ युरो खात्यात गोठवून दाखवा म्हणते. ऑस्ट्रेलियानं शिक्षणानंतरच्या व्हिसाला जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी पस्तीस वर्षांची वयोमर्यादा घातली. ही अट निजामशाहीनं ठेवली असती तर नगरचा इतिहासच घडला नसता. मलिक अंबर हबसाणातला. गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या वाटेनं दख्खनेत आला. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा यानं परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि राज्य स्वतः चालवलं. वय पन्नाशीच्या आसपास. ना आयईएलटीएस, ना अनुभवाचा दाखला.

आणि अमेरिकनांनी तरी आम्हाला हे नियम सांगू नयेत. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन पाद्री मुंबईत उतरले. कलकत्त्याहून कंपनी सरकारनं त्यांना चालतं व्हायला सांगितलेलं, तिकडे इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं. मुंबईनंही त्यांना इंग्लंडच्या जहाजात बसवायचा हुकूम काढला. तेव्हा हे सज्जन काय करतात? गुपचूप गलबतात बसून कोचीनकडे निसटतात! धरून परत आणले गेले, अर्ज-विनंत्या केल्या, अखेर राहायची परवानगी मिळाली, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८३१ मध्ये ते नगरला आलं. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरारबाई इथे मुलींना शिकवत राहिल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरात त्यांच्याकडे घेतलं. १८६२ साली बाई नगरातच वारल्या. त्यांना कुणी नव्वद दिवस मोजून दाखवले नाहीत. एवढं मिळाल्यावर आमच्या पोराला चार चिठ्ठ्या द्यायला काय हरकत होती?

असो. दोष सगळा गोऱ्यांच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे, आणि आम्हाला त्याची सवयही आहे. १९५० साली प्रवरेकाठी कारखान्याचं धुराडं पेटलं, ते जिल्ह्याचं भाग्य. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि एकेका धुराड्याशेजारी एकेक इंजिनिअरिंग कॉलेज उगवलं. एकीकडून साखर, दुसरीकडून इंजिनिअर. उसाला एफआरपीचा किमान भाव आहे, इंजिनिअरला नाही; मग तो जिथे भाव मिळेल तिथे जातो. कॉलेजवाले, सल्लागार, बँक, विद्यापीठ आणि फ्लेक्सवाला या साऱ्यांचे पैसे तो विमानात बसायच्या आत किंवा बसल्यावर लगेच वसूल होतात. वसुलीची वाट पाहत राहतो तो एकटा बाप.

तेव्हा येत्या फॉलला ज्यांच्या घरून कुणी निघणार असेल त्यांना एक विनंती. प्लॉटचे कागद बँकेत देण्याआधी पोराला त्याच्या कोर्सचा सरकारी कोड विचारा आणि तो स्टेमच्या यादीत आहे की नाही ते स्वतः पाहा. यादीत नसेल तर छत्तीस महिन्यांचे बारा होतात. ओपीटीचा अर्जही कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो; एकसष्टाव्या दिवशी कुठल्याच आमदाराचं पत्र चालत नाही.