दहा लाख इकडे-तिकडे

आमच्या लेनमधल्या दगडेकाकांचं आडनाव दगडे नाही. खरं काय ते आता पोस्टमनलाही आठवत नाही.

काका बँकेत हेड कॅशियर होते. कॅशमध्ये चार आण्यांचा फरक निघाला, तर अख्खी ब्रँच रात्री आठपर्यंत बसवून ठेवायचे. तेच काका आता दगडाचं वय सांगताना म्हणतात, "सहा कोटी साठ लाख वर्षं. दहा लाख इकडे-तिकडे." आणि सुपारी कातरत राहतात. त्या दहा लाखांचा हिशेब विचारणारा मायचा लाल नागपुरात नाही.

त्यांच्यासोबत तर्री-पोहे खायला जाऊ नये. पोहे येईपर्यंत ते रस्त्यावरची गिट्टी उचलतात. "पाह्य, हा दगड कोण्या काळी वाहत होता! सीताबर्डीचा किल्ला बसला आहे ना, तोही याच लाव्ह्यावर." मग लाव्ह्याचा एक थर आला, पुढचा यायला वेळ लागला, मधल्या काळात तळी साचली, तळ्यात गोगलगायी झाल्या, आणि वरून दुसरा थर आला. गोगलगायी गाडल्या गेल्या त्या गेल्याच, थेट टाकळीला रेव्हरंड हिस्लॉपच्या हाती लागेपर्यंत. नागपुरात हिस्लॉप म्हणजे कॉलेज. काकांना मात्र तो शेजारी राहून गेल्यासारखा वाटतो. 1863 साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो नदीच्या पुरात बुडाला, हे सांगताना काकांचा चमचा हवेतच थांबतो. तर्री गार होते.

घरी शोकेसमध्ये कपबशा नाहीत, दगड आहेत. पाहुणा आला की काका एक तुकडा त्याच्या हातात देतात. "लाव जिभेला. चिकटलं तर हाड, नाही तर दगड." जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, ती ओल शोषून घेतात, म्हणून जीभ धरून ठेवतात; युक्ती खरी आहे, भूशास्त्रवालेही करतात. माझ्या जिभेला काही चिकटलं नाही. "बरोबर," काका खुशीत म्हणाले, "ते हाड नव्हेच. पिसदुऱ्याची लीद आहे, डायनासोरची."

मी चूळ भरून येईपर्यंत ते थांबले नाहीत. नहाणीच्या दारात उभं राहून पुढचं सांगत होते. वरोऱ्याजवळच्या या पिसदुऱ्याच्या लिदीत शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले, 2005 साली 'सायन्स'मध्ये छापून आलं. तोवर समज असा, की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच म्हणा ना. आणि इथे तर भाताचे भाऊबंदसुद्धा निघाले! "जगाचं मत बदललं, बाप्पा. ते बी शेणानं!"

काकू आतून म्हणाल्या, "गाईच्या शेणानं सारवता तरी येते. याच्या गोवऱ्या थापता का?"

काकांनी उत्तर दिलं नाही. नळदुरुस्तीवाल्याला चार महिन्यांपासून बोलवायचं राहिलं आहे, त्यामुळे काकूंशी वाद ते टाळतात. चार महिने म्हणजे त्यांच्या हिशेबात किती, ते विचारायची सोय नाही.

मागच्या महिन्यात सिमेंट रोडसाठी लेन खोदली. बाकी लोक गाडी कुठे लावायची म्हणून भांडत होते. काका लुंगी खोचून खड्ड्यात उतरले. थोड्या वेळाने पांढरट तुकडा घेऊन वर आले. डोळे मिटून जीभ लावली. चिकटला! अगदी ओढून काढावा लागला. काका थरथरत होते.

"काकाजी," फावड्याला टेकून उभा असलेला पोरगा म्हणाला, "थे पीओपी होय. समोरच्या बंगल्याचं सिलिंग पाडलं ना काल."

सगळी लेन हसली. काका हसले नाहीत. त्यांनी तुकडा फुंकून साफ केला, घरी नेला, शोकेसमध्ये लिदीच्या शेजारी ठेवला आणि कॅशियरच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली: 'अद्याप ताजे. सहा कोटी साठ लाख वर्षांनी पाहावे. दहा लाख इकडे-तिकडे.'